बेचक्यातले केस

११ जानेवारी

ताई,

वर मायना नाही, तो मुद्दामच लिहिलेला नाही. तुझी खुशाली विचारायला हे पत्र नाही आणि समेट करायला तर नाहीच नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलायस. अण्णांना फोनवर बोलायला बसवलं, तर 'मी ठणठणीत' याच्या पुढे त्यांची गाडी जात नाही. म्हणून कागद.

अण्णांचा पाय सडलाय.

चार दिवस घरात वास येत होता. मी बेसिनची जाळी काढून घासली, फ्रिज रिकामा केला, उंदीर मेला असेल म्हणून एकटीनं कपाट सरकवलं. अण्णा खुर्चीत बसून मला सूचना देत होते. "त्या कोपऱ्यात बघ गं, तिकडून येतोय." आणि येत होता त्यांच्याच मोज्यातून! पाय गार पडतात म्हणून घरी आल्यावर ते मोजे चढवतात. मी मोजा ओढला तर तो सुटेना. ओला करून काढला, तेव्हा सालपटासारखा निघाला.

उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, त्यांच्या बेचक्यात एक भोक होतं. भोकात पू, आणि पुवात केस. लोकांचे केस, ताई. काळे, पांढरे, कुणाचा तरी रंगवलेला तांबडा. सलूनमध्ये ते दिवसभर चपला घालून उभे असतात. कापलेल्या केसांचे तुकडे पायावर पडतात, ते कातडीत घुसतात आणि आत गाठोडं करून बसतात. ड्रेसिंग करणारी नर्स म्हणाली, "न्हाव्यांना होतं असं. पण एवढं ठणकतं की माणूस पहिल्याच आठवड्यात पळत येतो. यांना कळलं कसं नाही?"

ती चिमट्यानं एकेक केस ओढून ट्रेमध्ये ठेवत होती. अण्णा पेपर वाचत होते. मध्येच पान उलटून म्हणाले, "सुरुवात केली का?" तोवर तिचं निम्मं झालं होतं.

मी बाहेर जाऊन ओकले. बापाचा पाय बघून ओकले, हे तुला सांगायची मला लाज वाटत नाही. तुला बघायला लागलं नाही, एवढंच.

आपल्या डॉक्टरांनी साखर दोनदा तपासली. उत्तम आहे. ते म्हणाले, वय झालं. तू दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या रक्तात हात घालून बसलेली असतेस म्हणून विचारते. साखर नसताना माणसाच्या पायाची संवेदना कशानं जाते? तेवढंच कळव. बाकीचं काही लिहू नकोस.

धाकटी


२४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तो तर फॉर्मच आहे. हरकत नाही, भरते.

दारू: नाही. तुला माहीत असूनही विचारलंस.

बी-ट्वेल्व्ह: तपासलं, भरपूर आहे. थायरॉइड ठीक. किडनी ठीक. पाठीचा फोटो काढला, मणक्यात वयाप्रमाणे झीज आहे, पण दोन्ही पाय आणि दोन्ही हात एकदम बधिर व्हावेत असं त्यात काही नाही. हो, हातसुद्धा. ते आधी लिहायचं राहिलं. मागच्या वर्षी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, आता मुंग्याही येत नाहीत. आधी तळवे, मग घोटे, मग बोटं. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखं वाटतं म्हणतात.

कुष्ठ: त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. अंगावर चट्टा नाही, कोपरामागची नस चाचपली ती जाड नाही. नाही म्हणाले. ते ऐकेपर्यंत मी त्यांचा टॉवेल वेगळा ठेवत होते, हेही लिहून टाकते. तुझ्याइतकी शुद्ध मी नाही.

शिसं, रसायनं: सलूनमध्ये काय असणार? साबणाचा फेस, तुरटी, पावडर. पस्तीस वर्षं तेच आहे.

तोल: हे तू विचारलंस म्हणून आठवलं. ते तोंड धुताना पडले. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि बेसिनवर आपटले. डोळे मिटले की पायाखाली जमीन आहे की नाही तेच कळत नाही म्हणाले. मला वाटलं होतं, फरशी ओली असेल.

आता तुझा शेवटचा प्रश्न, ज्याच्याखाली तू दोन रेघा मारल्यास. मी विकते त्या गोळ्या ते घेतात का. तुझा सगळा फॉर्म त्याच एका प्रश्नासाठी होता, कळत नाही का मला? त्या दिवशी आठ बायकांसमोर तू माझी बाटली बेसिनमध्ये ओतलीस, मला भामटी म्हणालीस. कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी गेल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहत होते. आणि अण्णांनी उठून बेसिनमधली एक ओली गोळी उचलली आणि तोंडात टाकली. "माझ्या पोरीचं औषध आहे, मी घेतो," म्हणाले. तुला धडा शिकवायला घेतली त्यांनी ती. एक. तेवढीच.

हा विषय पुन्हा काढू नकोस. त्या नसांना बळ देणाऱ्या गोळ्या आहेत, नसा मारणाऱ्या नाहीत.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

काल मास्तरांचा कान कापला.

रिटायर झालेले ते उंच मास्तर, तुला गणित शिकवायचे. दर पंधरा दिवसांनी येतात, अण्णांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात डोकं देत नाहीत. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. कानाच्या मागचे केस साफ करताना अण्णा डाव्या हाताच्या दोन बोटांत कान धरून पुढे मुडपतात. त्यांना वाटलं, कान धरलाय. धरलेला नव्हता. कान सुटून परत जागेवर आला होता आणि उजव्या हातानं वस्तरा चाललाच होता. वरची कड चिरत गेली.

सगळ्यात घाण काय होतं सांगू? मास्तरांना लगेच कळलं नाही, कारण धार चांगली होती. अण्णांना कळलं नाही, कारण बोटं मेलेली होती. दोघं म्हातारे पाणीपुरवठ्यावर गप्पा मारत होते आणि पांढऱ्या कपड्यावर रक्ताची धार लागली होती. अण्णांचं स्वतःचं बोटही कापलं होतं. कुणाचं रक्त कुठलं, कळत नव्हतं. मास्तर म्हणाले, "अहो, मानेला ओलं काय लागतंय?" अण्णांनी टॉवेलनं पुसलं, आणि मग टॉवेल बघितला.

पाच टाके. मास्तर भला माणूस, "म्हाताऱ्याच्या कानात तसंही काही शिरत नाही," असा विनोदही केला त्यांनी. पण खुर्चीतून उतरताना त्यांनी अण्णांचा हात धरला नाही.

शटर लावताना अण्णांना कुलपात किल्ली घालता येईना. मी घातली. घरी येऊन हात धुतले, परत धुतले, मग माझ्यासमोर दोन्ही पंजे पसरून म्हणाले, "हे कुणाचे आहेत गं?"

मला त्यांची दया यायला हवी होती. मला शिसारी आली. कुणाची, ते आता विचारू नकोस.

नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, नऊ तारखेची. झालं समाधान?

धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहिते.

डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी अण्णांना पलंगावर बसवलं. स्टीलचा दोन पायांचा काटा, ठोकला की थरथरतो तो, घणघणत असतानाच पायाच्या अंगठ्यावर धरला. "काही जाणवतंय?" अण्णा म्हणाले, "जाणवतंय की, गार लागतंय." गार लागत नव्हतं. स्टील दिसत होतं, म्हणून म्हणाले. मग डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि काटा न लावताच विचारलं. "गार लागतंय," अण्णा म्हणाले.

मग अंगठा वर केला, खाली केला, कुठे आहे सांगा म्हणाले. अण्णा सोडतीचं तिकीट काढल्यासारखे अंदाज करत होते. मग हातावर वस्तू ठेवल्या. किल्ली ओळखता आली नाही. शेवटी डॉक्टरांनी अण्णांच्याच खिशातला कंगवा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. पस्तीस वर्षं बोटांत फिरलेला कंगवा. अण्णांनी मूठ उघडली, मिटली, आणि खुशीत म्हणाले, "पेन."

डोळे उघडले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी लिहिणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "हातापायांतली ताकद शाबूत आहे, फक्त स्पर्श गेलाय. हे जरा वेगळं आहे. बाकीचे रिपोर्ट चांगले आहेत, तेव्हा बाहेरून काहीतरी पोटात जातंय का ते बघावं लागेल. आजोबा, काही घेता का? गोळी, चूर्ण, टॉनिक, शक्तीचं काही? कुणी दिलेलं, दुकानातलं, कसलंही. व्हिटॅमिनसुद्धा सांगा."

अण्णा म्हणाले, "नाही बुवा. मी गोळ्याबिळ्या घेतच नाही."

आणि माझ्याकडे पाहिलं. सलूनचं शटर ओढून घ्यावं तसं पाहिलं. की बाई, तू आत राहा, बाहेरचं मी बघतो.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सोबत राहता ना? काहीच नाही?"

मी मान हलवली. नाही.

नसांमधून करंट सोडायची तपासणी परवा आहे.

धाकटी


१० फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन बसले. आता हे लिहिते आहे ते एका दमात लिहिते. थांबले तर फाडीन.

घेतात. त्या दिवसापासून घेतात. तू चप्पल घालून बाहेर पडलीस आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुढे केला, "आण गं तुझी गोळी." तुझ्यावरच्या रागानं मला इतका आनंद झाला की मी रोज देत गेले. आधी एक. मॅडम म्हणाल्या, वयस्कर माणसाला तीन लागतात. तुला मॅडम आठवत असतील, मला या कामात आणणाऱ्या, कायम सुगंधी रुमाल नाकाशी धरणाऱ्या. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, मुंग्या म्हणजे झोपलेली नस जागी होतेय, डोस वाढव. चार. मग बधिरपणा. म्हणाल्या, जुनी घाण बाहेर पडतेय, आता सोडलं तर सगळं वाया जाईल. सहा. वर्ष झालं, रोज सहा. दोन सकाळी, दोन दुपारी, दोन संध्याकाळी. मी स्वतः बशीत काढून देते. गोळी उग्र वासाची आहे, त्यांना ढेकर आला की खोलीत तोच वास. त्यांची लघवी पिवळीजर्द होते, बाथरूममध्ये डाग पडतात. मी नाक मुरडून घासते आणि पुन्हा बशी भरते.

तुझं दोन रेघांचं पत्र बावीस जानेवारीला आलं. त्याच दिवशी मी बाटली उजेडात धरून पहिल्यांदा वाचली. बारीक अक्षरात आहे. एका गोळीत बी-सिक्स शंभर मिलिग्रॅम. मग शोधलं. माणसाला दिवसाला दोनच्या आतबाहेर पुरतं. जास्त झालं तर तेच नसा जाळतं. हात, पाय, तोल, सगळं जसंच्या तसं लिहिलेलं. ज्या दुखण्यावर मी औषध विकते तेच दुखणं ते औषध करतं, आणि दुखणं वाढलं की माणूस आणखी घेतो. याच्याहून गलिच्छ धंदा तुला ठाऊक असेल तर सांग.

हे वाचून दोन दिवसांनी मी तुला 'एक, तेवढीच' असं लिहिलं.

आणि गोळ्या देत राहिले. एकदम बंद केल्या तर का केल्या ते सांगावं लागेल ना! मला वाटलं, गुपचूप कमी करत आणू. बशीत चारच ठेवल्या तर त्यांनी पकडलं. "दोन कमी का गं? संपत आल्या का? मग मला राहू दे, गिऱ्हाइकांना दे." मी घाबरून आणखी दोन काढून दिल्या.

मास्तरांचा कान कापला गेला तो मी बाटली वाचल्यानंतर दहाव्या दिवशी. त्या सकाळच्या दोन गोळ्याही मीच दिल्या होत्या.

उद्या करंटच्या तपासणीच्या आधी मी डॉक्टरांकडे एकटी जाणार आहे. हे तुला आधी लिहिलं, कारण लिहिलं नाही तर मी जाणार नाही. मी मला ओळखते.


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या पत्रात तीनच ओळी होत्या. शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर ओरडले नाहीत. बाटली हातात घेऊन वाचली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून एकही नाही. बंद केल्यावरही काही आठवडे वाढेल, घाबरू नका. मग हळूहळू सुधारेल. महिने लागतील. सगळं परत येईल असं मी सांगत नाही." रक्त तपासलं, त्यातही तेच निघालं. उठताना त्यांनी विचारलं, "अजून किती जणांना दिल्यात?"

एकतीस घरं.

आधी अण्णांना सांगितलं. ते दाढी झालेला गाल बोटांनी चाचपून बघत होते, नुसती सवय. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

मी तारीख सांगितली. त्यांनी मनातल्या मनात मोजलं. "म्हणजे मास्तर खुर्चीत बसले तेव्हा माहीत होतं."

"हो, अण्णा."

ते भिंत धरून उठले. "माणसं माझ्यासमोर डोळे मिटून बसतात," म्हणाले. "गळ्यावर वस्तरा असतो, आणि डोळे मिटून बसतात. काहीजण घोरतात." एवढंच. दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं, रागावतील, मग पाघळतील. आजवर माझ्यावर कधी रागावून राहिलेत का ते? पण दुसऱ्या दिवशी चहा दिला तर कपात बघून म्हणाले, "यात काय घातलंयस?" मी म्हटलं, चहा, साखर, दूध. त्यांनी कप खाली ठेवला. आता रोज विचारतात. पाणी दिलं तरी विचारतात. भांडायला नाही गं, खरंच विचारतात. मी उत्तर देते, ते ऐकून घेतात आणि ग्लास स्वतः परत विसळून भरतात.

मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "निगेटिव्ह बोलणाऱ्यांचं शरीरच औषध नाकारतं." म्हणून मी त्यांच्या मेळाव्याला गेले. तोच हॉल, लिंबाचा वास मारलेला, पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या नसा. मी मधेच उभी राहिले आणि म्हणाले, या गोळ्यांनी माझ्या वडिलांचे हातपाय गेले. आणि तिथंच रडायला लागले. मॅडम व्यासपीठावरून खाली आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक तोंडाशी धरून म्हणाल्या, "बघा, वडिलांसाठी किती तळमळ! हिच्यासाठी जोरात टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या, ताई. दोनशे माणसांनी वाजवल्या. शेजारच्या बाईनं मला टिश्यू पेपर दिला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर आले तेव्हा अंगावर कुणीतरी थुंकल्यासारखं वाटत होतं, आणि दोन वर्षं याच टाळ्यांसाठी मी नवी साडी नेसून जात होते.

मग घरं. शिवणकामवाल्या काकूंकडे आधी गेले, कारण तिथं जायची सगळ्यात जास्त भीती होती. मागे त्या माझ्याकडे आल्या होत्या, सुई बोटात घुसते तरी कळत नाही, कापडावर रक्त दिसलं की कळतं, म्हणून. आणि मी हसून म्हटलं होतं, "म्हणजे लागू पडतंय काकू, आणखी दोन वाढवा." मॅडमचं वाक्य, मॅडमचाच आवाज. आता सगळं सांगितलं, तर त्या मशीनवरून उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तुला दुवा देत होते गं. रोज." आणि पुन्हा शिवायला लागल्या. बोटांवर सगळीकडे चिकटपट्ट्या.

एका घरात शिव्या मिळाल्या, दोन घरांत दार लावून घेतलं. एका बाईनं फक्त विचारलं, मुलाला दिल्या त्याचं काय, आणि मी डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा ऐकतच नाहीत. "माझा गुडघा यानंच बरा झाला. तुझं मॅडमशी फाटलं, म्हणून बोलतेस," म्हणाले. मी त्यांना देणं बंद केलं, तर आता ते थेट मॅडमकडून मागवतात. बोलताना हातातला चहा त्यांच्या मांडीवर सांडत होता आणि ते मला पटवत होते की आपण किती सुधारलोय. त्यांना पटवणारी मीच होते. माझे एकेक शब्द ते मला परत ऐकवत होते.

एकोणीस घरं झाली.

धाकटी


६ मार्च

ताई,

अण्णा उद्या सकाळच्या बसनं निघतील आणि दुपारी चारच्या सुमाराला तुझ्याकडे पोचतील. हे पत्र त्यांच्याच हातात देते आहे. पाकीट बंद केलंय, पण ते उघडणार नाहीत.

जायचं त्यांनीच ठरवलं. परवा जेवताना म्हणाले, "मी थोरलीकडे जातो." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी ताट सरकवलं. सलून मास्तरांच्या पुतण्याला चालवायला दिलंय.

आता तुला लागेल ते लिहिते. अंघोळीचं पाणी तू स्वतः बघायचं. त्यांच्या हातावर भरवसा ठेवू नकोस, गेल्या आठवड्यात कढत पाण्यात हात घालून बसले होते. पायाची जखम भरलीय, तरी रोज पाय धुऊन, पुसून, बोटं फाकवून बघ. ते पाय पुढे करणार नाहीत, तू जमिनीवर बसलीस की करतात. बूट पुढून बंद असलेले दिलेत, घालण्याआधी उपडे करून झटक. तोंड धुताना मागे उभी राहा, पण धरू नकोस, रागावतात. आधी वाढेल म्हणाले होते डॉक्टर तसं वाढलं, काट्यावर चालल्यासारखं होतं म्हणतात. हे चांगलं लक्षण आहे का ते मी आता कुणालाही सांगत नाही. तुझ्या तिकडच्या डॉक्टरांना दाखव. सगळे रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये आहेत.

जेवण दिलंस की त्यात काय आहे ते विचारतील. चिडू नकोस. तुझ्यावर नाही ते.

माझ्याबद्दल बोलणार नाहीत. बोलतं करू नकोस. तू दोन वर्षांपूर्वी बरोबर होतीस, हेही त्यांच्यासमोर म्हणू नकोस. मी इथं म्हणते, एकदाच: तू बरोबर होतीस. मला त्याचा राग अजून येतो. पण तो तुझ्यावरचा राग नाही, एवढं कळायला लागलंय.

इथं अजून पाच घरं राहिलीत. तिसऱ्या मजल्यावर चार वेळा जाऊन आले. आता त्यांच्या सुनेला गाठणार आहे, ती ऐकेल असं वाटतं.


७ मार्च

ताई,

कालचं पत्र त्यांच्याकडे दिलं, म्हणून हे वेगळं टपालानं येईल.

बसची पायरी उंच होती. अण्णा खाली बघत उभे राहिले, पाय कुठे ठेवायचा ते डोळ्यांनी ठरवत. मी हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग वर पाहून म्हणाले, "अहो कंडक्टर, जरा हात द्या." त्यानं दिला, आणि ते चढले.

खिडकीत बसल्यावर शर्टाचं वरचं बटण लावायला बघत होते. एक बोट बटणावर, एक काजावर, आणि दोन्ही बोटांना एकमेकांचा पत्ता नाही. मी खाली उभी होते, काचेबाहेर, हातभर अंतरावर. बस सुटेपर्यंत त्यांचं ते चाललं होतं.

बटण लागलं का, तेवढं कळव.